पातळ पत्रा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी गारा सुरू झाल्या. पंधरा मिनिटं पडल्या असतील. तेवढ्यात रीटबाईंच्या बागेचं वर्ष संपलं.

दामोदर तेव्हा शिडीवर होता. पेअरची फळं विरळ करायचं काम चाललं होतं. घोसातली दोन ठेवायची, बाकीची अंगठ्यानं मोडून खाली टाकायची. पहिली गार मानेवर बसली तेव्हा कुणी खडा मारला असं वाटून त्यानं मागे वळून पाहिलं. दुसरी कपाळावर बसली. मग तो शिडी तशीच सोडून ट्रॉलीखाली शिरला आणि गुडघे पोटाशी घेऊन बसला. डोक्यावर पत्रा ताशासारखा वाजत होता.

थांबलं तेव्हा रीटबाई घरातून बाहेर आल्या. एकाहत्तर वर्षांची उंच बाई, पायात रबरी बूट. त्या पहिल्या ओळीत शिरल्या आणि एकेक फळ हातात घेऊन बघू लागल्या. सुपारीएवढ्या पेअर. प्रत्येकीला कुठे ना कुठे टवका उडालेला.

"वाढतील की," दामोदर म्हणाला.

"वाढतील," रीटबाई म्हणाल्या. "पण डाग घेऊनच वाढतील. दुकानवाले घेणार नाहीत. रसवाले नेतील, तेही उपकार केल्यासारखे."

त्यांनी हातातलं फळ खिशात टाकलं आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या कपाळातून रक्त येतंय."

दामोदर या बागेत तीन वर्षं कामाला होता. त्याची बायको मेधा नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या विद्यापीठात अन्नप्रक्रियेवर संशोधन करायची. तिच्या नोकरीमुळे दोघं पुण्याहून इथं आले. दामोदर भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी बघायचा. इथं दोन वर्षं त्यानं अर्ज केले. प्रत्येक ठिकाणी गोड बोलून विचारायचे, डच किती येतं? शेवटी नदीपलीकडच्या या गावात बागेला माणूस हवा आहे, असं मेधाच्या एका सहकाऱ्यानं सांगितलं. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यानं छाटणीची कात्री हातात घेतली. पहिल्या हिवाळ्यात बोटं इतकी सुजायची की जेवताना घास धरता यायचा नाही. पुण्याला फोनवर तो "ॲग्रीकल्चरमध्ये आहे" एवढंच सांगायचा.

सुरुवातीला तो रीटबाईंना "मेव्राउ", म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा. त्यांनी एकदा दम दिला, "मला नाव आहे." तेव्हापासून तोंडावर रीट आणि घरी मेधाशी बोलताना रीटबाई. दोघांचं बोलणं इंग्रजीत चालायचं.

गारांनंतर आठवडाभर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी त्यांनी दामोदरला मागच्या शेडमध्ये नेलं आणि ताडपत्री ओढली. खाली तांब्याच्या पत्र्याची गुंडाळी होती. कडा हिरव्या पडलेल्या.

"हेन्कनं लिलावात घेतला होता. कुठल्याशा चर्चचं छप्पर नवं केलं, त्यातला उरलेला." हेन्क म्हणजे त्यांचा नवरा, चार वर्षांपूर्वी गेलेला. "त्याला पेअरची दारू गाळायची होती. रीतसर, परवाना काढून. भांडं बनवून घ्यायचं राहिलं. आता डागाळलेल्या फळांचं दुसरं काय करणार? दारूत डाग दिसत नाही. पण भांडं करणारा माणूस दीड वर्षानंतरची तारीख देतोय."

दामोदरनं पत्र्यावरून अंगठा फिरवला. नखानं टिचकी मारली. ती टिचकी त्यानं मुद्दाम मारली नव्हती, बोटांनीच मारली.

"मी करतो," तो म्हणाला.

"तू?"

"माझे वडील तांबट आहेत. आजोबाही. पाणी तापवायचे बंब करायचे आमच्या घरात. मी वीस वर्षांचा होईपर्यंत तेच करत होतो."

रीटबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, जणू तो आजच कामावर आला होता. "तीन वर्षांत हे कधी बोलला नाहीस."

"कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. पण ते काही पूर्ण खरं नव्हतं.

* * *

मेधानं ऐकून घेतलं आणि पोळी तव्यावर टाकत म्हणाली, "पुढच्या मार्चमध्ये आपला नागरिकत्वाचा अर्ज आहे. आणि तू हातभट्टी लावतोयस."

"हातभट्टी काय? परवाना काढणार आहेत त्या. अर्ज गेला सुद्धा."

"परवाना येईपर्यंत त्या भांड्यात पाण्याशिवाय काही जाणार नाही. मला शब्द दे."

"दिला."

मग मात्र तिनंच वहीचं पान काढून आकृती काढली. खाली पोट, वर लांब मान, मानेत तांब्याच्या जाळीच्या गुंडाळ्या, अगदी वर गार पाण्याची नळी. "वाफ वर चढते. वरच्या गारव्यानं तिचं पाणी होऊन थोडं परत खाली येतं. जाळीत पुन्हा वाफ भेटते, पुन्हा चढतं. जितके हेलपाटे तितकं शुद्ध. शेवटी जे बाजूच्या नळीनं बाहेर पडतं, ते घ्यायचं." तिनं पेन्सिल जाळीवर टेकवली. "ही फार गच्च भरायची नाही. वाफेला वाट राहिली पाहिजे."

"कळलं गं."

अवघड काम दुसरंच होतं. पोट कसं घडवायचं हे त्याच्या हातांना अर्धंच आठवत होतं. अप्पांना विचारावं लागणार होतं.

अप्पा, म्हणजे श्यामकांत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तांबट आळीत राहायचे. साठ वर्षं तांबं ठोकून त्यांचे कान पार गेले होते. फोनवर त्यांच्याशी बोलायचं म्हणजे व्हिडिओ लावायचा आणि दामोदरच्या थोरल्या बहिणीनं, संहितानं, शेजारी बसून पाटीवर लिहून दाखवायचं. शिवाय दामोदर आणि त्यांच्यात बोलण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. विसाव्या वर्षी त्यानं हातोडा खाली ठेवून डिप्लोमाला नाव घातलं, त्या दिवशी अप्पा एवढंच म्हणाले होते, "जा. हात मऊ होतील."

"ताई, त्यांना सांग, फुलांचा अर्क काढायचं भांडं करतोय," दामोदर फोनवर म्हणाला.

संहितानं लिहिलं. अप्पांनी वाचलं. दामोदरनं मेधाची आकृती कॅमेऱ्यासमोर धरली. अप्पा बराच वेळ बघत राहिले.

"अर्काला एवढी मान कशाला?" ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "मी वेडा नाही. एकोणऐंशी साली एक जण असलंच चित्र घेऊन आला होता. मी त्याला पायरीवरून परत पाठवला." मग ते थांबले. "रमेश कशानं गेला ते विसरलास का?"

रमेश म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ. दामोदर सात वर्षांचा असताना दारूनं गेला. घरात त्याचा फोटोसुद्धा लावलेला नव्हता.

अप्पा उठून आत गेले. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली. संहिता हळूच म्हणाली, "खोटं नको होतं सांगायला, दामू."

* * *

तो एकटाच लागला. बागेतलं काम संपलं की शेडमध्ये. रीटबाईंनी जुना ओंडका दिला, त्यावर त्यानं रेल्वेरुळाचा तुकडा ठोकून ऐरण केली. पत्रा गोल कापायचा, बर्नरनं लालसर होईपर्यंत तापवायचा, पाण्यात विझवून मऊ करायचा, मग लाकडी मोगरीनं वाळूच्या पिशवीवर खोलगट करत न्यायचा. ठोकून ठोकून तांबं पुन्हा ताठ होतं, पुन्हा तापवायचं. पहिल्या दिवशी त्याचा खांदा भरून आला. तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड आला आणि फुटला. छाटणीनं पडलेले घट्टे वेगळे आणि हातोड्याचे वेगळे, हे त्याला तेव्हा कळलं.

पहिलं पोट चिरलं. एका जागी जास्त ठोकलं गेलं होतं. दुसरं वाकडं झालं. रीटबाई दारात कॉफीचा मग घेऊन उभ्या होत्या. "ते भांडं आहे की टोपी?" त्या म्हणाल्या. चेष्टेनंच म्हणाल्या, पण त्याचे कान तापले. शेजारचा बागवाला कुंपणावरून बघून हसून गेला, ते त्याहून लागलं.

तिसऱ्याच्या वेळी त्यानं फोन एका खोक्याला टेकवून उभा केला आणि संहिताला व्हिडिओ लावला. "अप्पांना काही सांगू नकोस. फोन नुसता त्यांच्यासमोर ठेव. बघायचं तर बघतील."

तो ठोकत राहिला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मग एकदम फोनमधून तो मोठा आवाज आला.

"मनगट मोडतोयस! कोपरापासून आण. आणि मधे मारू नकोस, कडेनं गोल गोल ये. तुला शिकवलं कुणी?"

दामोदरनं मान वर केली. अप्पा खुर्चीत पुढे झुकून बसले होते, चष्मा कपाळावर.

"अप्पा, तुम्ही नको म्हणाला होतात."

संहितानं लिहिलं. अप्पांनी वाचलं.

"नकोच म्हणतोय. पण भांडं कशाचंही असो, फुटलं तर जवळचं माणूस भाजतं. मार. कडेनं."

त्यानंतर दीड महिना रोज, इथल्या संध्याकाळी चार वाजता आणि तिथल्या साडेसातला, फोन त्या खोक्यावर असायचा. अप्पा शिव्या द्यायचे, खुणा करायचे, मधेच डुलकी घ्यायचे. पोट झालं, तळ झाला. चांदीची झाळ देऊन सांधे धरले. मानेच्या आतल्या गुंडाळ्या त्यानं स्वतः विणल्या. टोपण बसतं त्या फटीला अप्पांनी कणकेचा लेप लावायला सांगितला. "मुद्दाम कणीक. आत जोर झाला तर आधी लेप सुटेल, भांडं वाचेल. त्यावर काही आवळायचं नाही."

एकच गोष्ट त्यांना पटली नव्हती. "पत्रा पातळ आहे. छपराला चालतो, पोटाला नाही. जाड आण."

"एवढा आहे तो वापरू द्या, अप्पा. बाईंच्या नवऱ्यानं घेऊन ठेवलेला आहे."

अप्पांनी तोंड वाकडं केलं. दामोदरनं तो पत्राच वापरला.

* * *

सप्टेंबरमध्ये तोडणी झाली. डागाळलेल्या पेअर खाली पडू दिल्या नाहीत, एकेक हातानं तोडली. दळून, त्यांचा लगदा निळ्या पिंपांत भरला. आठ दिवसांत पिंपं खदखदू लागली. शेडमध्ये पिकल्या फळाचा आणि ताकासारखा आंबूस वास भरला. दारात गांधीलमाश्यांचा थवा.

भांड्यात दामोदरनं पाणी घालून पाहिलं. मान तापली, नळीतून थेंब पडू लागले, स्वच्छ. रीटबाईंनी थेंबाखाली बोट धरलं आणि "पाणी" म्हणून मान हलवली. पण त्यांच्या चेहऱ्यावर उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा काहीतरी उजळलं होतं.

त्याच दिवशी रीटबाई घरात गेल्यावर दामोदरनं मान उघडून आणखी दोन गुंडाळ्या आत दडपल्या. दारू काचेसारखी निघावी. शेजाऱ्यानं कुंपणावरून बघावं. पाण्यानं पुन्हा तपासलं, थेंब पडत होते. मेधाला तो काही बोलला नाही.

परवान्याचं पत्र मात्र येत नव्हतं. अर्ज तपासणीत आहे, अबकारीचा माणूस नोव्हेंबरच्या सुरुवातीला जागा बघायला येईल, असं उत्तर आलं. ऑक्टोबर संपत आला. पिंपं शांत झाली होती. आता लगदा थांबला की आंबट व्हायला लागणार.

"एक पिंप लावू," रीटबाई म्हणाल्या. "कोण बघतंय?"

"नाही."

"हेन्कचा बाप युद्धाच्या काळात दुधाच्या बरणीत गाळायचा."

"रीट, मी बायकोला शब्द दिलाय. आणि माझे कागद जायचेत मार्चमध्ये. तुमचं काय, तुम्हाला कुणी इथून घालवणार नाही."

रीटबाईंनी दाराची कडी धरली. मग म्हणाल्या, "तू माझ्यासाठी काम करतोस हे विसरतोस कधीकधी." आणि दार ओढून गेल्या. दामोदर तिथंच उभा राहिला. तीन वर्षांत त्या असं बोलल्या नव्हत्या. त्यानं शांतपणे झाडू घेतला आणि झाडलेलीच जागा पुन्हा झाडली.

* * *

दिवाळीनंतरच्या रविवारी वाखनिंगनच्या मराठी मंडळींचा फराळ होता. शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. दामोदर कुडता घालून लाडवांच्या परातीमागे उभा होता. दुपारी दोनच्या सुमाराला फोन वाजला.

"दामो." रीटबाईंचा आवाज बारीक झाला होता. "ते आवाज करतंय."

"काय आवाज करतंय?"

"भांडं. आतून धडधडतंय. नळीतून थोडं आलं, आता काहीच येत नाही."

"आत काय आहे? रीट, आत काय घातलंय?"

"लगदा."

"गॅस बंद करा. आत्ता. मग दोन्ही दारं उघडा आणि बाहेर या. टोपणाला हात लावू नका."

"टोपणाला पट्टा आवळलाय. कणकेतून वाफ येत होती म्हणून ट्रॉलीचा पट्टा—"

"गॅस बंद करा!" तो ओरडला. हॉलमधले सगळे वळून बघू लागले.

मेधा किल्ली घेऊन आधीच दाराकडे निघाली होती. नदीच्या काठाला पोचले तर फेरीबोट पलीकडे. पलीकडून दोन सायकलवाले, एक गाडी, सावकाश चढत होते. दामोदर गाडीतून उतरून पाण्याच्या कडेला उभा राहिला. कुडत्यात वारा शिरत होता. फोन कानाला.

"बंद केला?"

"केला. हात भाजलाय."

"बाहेर आहात?"

"झाडांत आहे."

"तिथंच थांबा. मी येतोय. बोलत राहा माझ्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. ओळी मोजा."

त्या खरोखरच मोजू लागल्या. एक, दोन, तीन, डचमध्ये. बोट मधल्या प्रवाहाला आली तेव्हा त्या एकोणीसवर होत्या.

शेडमध्ये धडधड थांबली होती. दामोदर आधी रीटबाईंकडे गेला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल होऊन सोलवटली होती. मेधानं त्यांना नळाखाली धरलं. मग तो आत शिरला. भांडं उभं होतं. पण पोट एका बाजूनं बाहेर आलं होतं, आजारी जनावरासारखं. झाळ मात्र कुठेही उकलली नव्हती. पट्टा कणकेत रुतून बसलेला. अर्धा तास थांबून, हात लागेल एवढं निवल्यावर त्यानं मान काढली. जाळीत पेअरचा शिजलेला फेस दगडासारखा बसला होता. वाट पूर्ण बंद. पाणी त्यातून गेलं होतं, लगद्याचा फेस गेला नाही.

त्यानं त्या दोन जास्तीच्या गुंडाळ्या ओढून काढल्या आणि जमिनीवर ठेवल्या. मेधा दारात येऊन उभी होती. तिनं गुंडाळ्या मोजल्या नाहीत, पण तिला मोजायची गरजही नव्हती.

"तू घातल्यास," ती म्हणाली.

"हो."

"मला न सांगता."

"हो."

मेधा वळली. रीटबाईंना गाडीत बसवून ती दवाखान्यात घेऊन गेली. तिथं डॉक्टरनं विचारलं तेव्हा रीटबाईंनी "सूप सांडलं" म्हणून सांगितलं.

* * *

अबकारीचा माणूस गुरुवारी येणार होता. बुधवारी जेवताना मेधा म्हणाली, "तू तिथं नव्हतास हे खरं आहे. तेवढंच सांग. पेटवलं त्यांनी."

"आणि जाळी?"

"जाळी गच्च भरणं हा गुन्हा नाही."

"त्यांचा हात बघितलास ना?"

मेधानं ताट सरकवलं. "पाच वर्षं झाली, दामोदर. पाच वर्षं मी त्या लॅबमध्ये मान खाली घालून काम केलं, इथं राहता यावं म्हणून. तू एक पातेलं ठोकलंस आणि—" तिनं ताट पुन्हा जवळ ओढलं. मग ती म्हणाली, "काय सांगायचं ते सांग. पण मला आधी सांगून जा. एवढंच."

"जाळी मी भरली, एवढं सांगणार आहे."

"बरं."

तो माणूस चाळिशीचा, जाडसर, हातात फाईल. भांड्याभोवती एक फेरी मारून तो फुगवट्यापाशी थांबला. दामोदरनं तोंड उघडलं, पण रीटबाई आधी बोलल्या. हात बँडेजमध्ये, पाठ ताठ. डच इतकं भरभर की दामोदरला अर्धंच कळलं. मी पेटवलं. रविवारी. तो नव्हता. तो नको म्हणाला होता, दोनदा. हे जे निघालं ते. त्यांनी कपाटातून अर्धी भरलेली एक बाटली काढून टेबलावर ठेवली.

"जाळी मी भरली होती," दामोदर तुटक डचमध्ये म्हणाला. "जास्त. त्यामुळे अडलं. बायकोनं नको म्हणून सांगितलं होतं."

माणसानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "इथं लोक मला सहसा सांगतात की ते सूप होतं," तो म्हणाला.

रीटबाईंच्या गालावर लाली आली.

त्यानं बाटली त्यांच्यासमोर मोरीत ओतली. बाकीची पिंपं बागेत रिकामी करायला लावली आणि तो स्वतः उभा राहिला. रीटबाईंच्या नावावर दंड लिहिला. दामोदरचं नाव लिहिलं नाही. पेटवणाऱ्याचं लिहायचं असतं, म्हणाला. मग पेन खिशात ठेवत त्यानं भांड्याच्या झाळेवरून बोट फिरवलं.

"ही सुटली असती तर आज तुम्ही माझ्याशी बोलत नसता, मेव्राउ." आणि दामोदरकडे वळून, "अर्ज मी बंद करत नाही. पण हे पोट मला पुन्हा दिसता कामा नये."

दुपारभर ते बादल्या वाहत राहिले. आंबलेला लगदा ओळी-ओळीनं झाडांच्या बुंध्याशी. रीटबाईंना एकच हात वापरता येत होता, तरी त्या ऐकेनात, लहान बादली घेऊन मागे येत होत्या. शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या.

"मी तुला त्या दिवशी बोलले ते," त्या म्हणाल्या. "कोण कुणासाठी काम करतं ते."

"हं."

"मूर्खपणाचं होतं."

"माझंही," दामोदर म्हणाला. "जाळीचं."

त्यांनी मान हलवली आणि बादली उपडी केली.

* * *

अप्पांना त्यानं फुगवटा दाखवला. काही लपवलं नाही. संहितानं सगळं पाटीवर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. अप्पांनी चष्मा पुसून पाहिलं. दामोदर शिव्यांची वाट बघत होता.

"बाई कशी आहे?" अप्पांनी विचारलं.

"बरी आहे. हात सुकतोय."

"ते पोट ठोकून आत घेऊ नकोस. तिथं तांबं आणखी पातळ झालंय. कापून टाक. जाड पत्रा आण. नव्यानं कर."

हिवाळाभर तो छाटणी करायचा आणि चार वाजता शेडमध्ये यायचा. जाड पत्र्याला ताकद लागायची. दर चौथ्या घावाला हात बदलावा लागे. रीटबाई कानाला आवाज अडवणारे मोठे हेडफोन लावून स्टुलावर बसायच्या, पायावर रग, आणि बर्नर धरायच्या. मेधा शनिवारी यायची. मानेतली जाळी तिनं स्वतःच्या हातानं भरली, सैल, आणि बोट घालून वाट तपासली.

मार्चमध्ये नागरिकत्वाचे कागद गेले. एप्रिलच्या शेवटी, बाग पांढरी फुललेली असताना, अबकारीचा तोच माणूस पुन्हा आला. त्यानं भांड्यात मापानं पाणी ओतून किती मावतं ते लिहून घेतलं. टोपण उघडून मान बघितली. मग फाईलमधला एक रकाना वाचून दाखवला. "भांडं कुणी बनवलं, ते नाव."

दामोदर गोंधळला. त्याला वाटलं होतं रीटबाईंचं नाव लागेल. त्यानं वडिलांचं नाव सांगितलं, अक्षरं एकेक करून, आणि त्याखाली स्वतःचं. माणसानं दोन्ही चुकीची लिहिली. दामोदरनं पेन मागून घेतलं आणि नीट केली. बाहेर जाताना तो माणूस म्हणाला, "सप्टेंबरपासून पेटवू शकता."

संध्याकाळी पुण्याला फोन लावला. संहितानं पाटीवर लिहिलं, सरकारी कागदात तुमचं नाव लागलंय, नेदरलँड्समध्ये. अप्पांनी दोनदा वाचलं. ते खूष होतील असं संहिताला वाटलं होतं. त्यांचा चेहरा तापला.

"माझं नाव कशाला घातलंस?" ते ओरडले. "मी खुर्चीत बसून बघत होतो! हातोडा कुणाच्या हातात होता? खोड ते. भांडं तू केलंयस."

"अप्पा, तुम्हीच तर सांगत होतात—"

पण अप्पा पाटी वाचायच्या आधीच उठले होते. खुर्चीला धरून उभे राहिले, पडद्याजवळ आले, इतके जवळ की नुसतं कपाळ आणि एक डोळा दिसत होता.

"हात दाखव," ते म्हणाले.

दामोदरनं घट्टे पडलेले दोन्ही तळवे कॅमेऱ्यासमोर धरले. अप्पा बघत राहिले. मागे संहिता पाटी हातात घेऊन उभी होती.

"बरं," अप्पा म्हणाले. आणि जेवायला गेले.